मेंढरांच्या राखणीला कुत्रं कुठलं घ्यावं?

तुम्ही विचारलंत म्हणून. हा प्रश्न बहुतेक वेळा असा येतो: कारवानी घेऊ की मुधोळ? दोन्ही नकोत. ही सशामागं सुटणारी कुत्री. नजरेनं शिकार हेरायची आणि पळत सुटायचं, हे त्यांच्या रक्तातच. राखणीत तेच नडतं. लांडगे पुष्कळदा जोडीनं येतात. एक उघड्या माळावर दिसून कुत्र्याला लांब ओढतो, दुसरा ओढ्याच्या अंगानं येऊन कोकरू उचलतो. राखणीचं कुत्रं भुंकत थोडं पुढं जातं, थांबतं आणि माघारी कळपात येतं. लांडगा मारणारं नको, माघारी येणारं हवं.

म्हणून जात विचारण्याआधी आई बघा. जी कुत्री रात्री वाघरीला, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीला, लागून बसते तिचं पिल्लू घ्या, दीड-दोन महिन्यांचं. आणल्यावर चार महिन्यांचं होईपर्यंत ते चार-पाच गरीब मेंढरांतच राहिलं पाहिजे. माणसांची माया आणि मेंढरांची संगत याच दिवसांत मुरते. घरात पोरांच्या मांडीवर वाढलेलं पिल्लू पुढं मेंढरांच्या वाड्यावर टिकत नाही, संध्याकाळ झाली की घराची वाट धरतं. मात्र कोपऱ्यात एक आडोसा द्या, पिल्लू शिरेल पण मेंढरू शिरणार नाही असा. नुकत्या व्यालेल्या मेंढीजवळ त्याला सोडू नका, ती टक्कर मारते.

खरी कसोटी सहाव्या ते दहाव्या महिन्यात. अंगात वारं शिरतं आणि पोरगं कोकरांशी खेळायला लागतं: कान चावणं, लोकर ओढणं, पळवणं. बहुतेक जण इथंच कुत्रं बिघडलं म्हणून हाकलतात. घाई नको. गळ्यात लोढणं बांधा, हातभर लाकूड, गुडघ्याला लागेल इतकं खाली. चालताना अडत नाही, धावलं की पायात येतं. कोकरांपासून वेगळं काढून मोठ्या मेंढरांत टाका. दीड-दोन वर्षांचं झाल्याशिवाय त्याच्या एकट्याच्या भरवशावर कळप सोडू नये.

एक कुत्रं पुरत नाही. शंभर-दीडशे मेंढरांना दोन, त्यावर तीन. एक पुढं गेलं तरी दुसरं कळपात उरतं. बिबट्याच्या मुलखात रात्री खिळ्यांचा पट्टा हवाच, कारण तो मान धरतो. दिवसा काढून ठेवा, नाहीतर पट्ट्याखाली जखम होते आणि पावसाळ्यात अळ्या पडतात.

खायला दुधा-ताकात कुस्करलेली भाकरी चालते; पंचवीस किलोच्या राबत्या कुत्र्याला दिवसाला चार तरी. मेलेल्या मेंढराचं मुंडकं मात्र कच्चं कधीच टाकू नका. मेंदूतल्या पाण्याच्या फोडांतून कुत्र्याच्या पोटात पट्टकृमी होतो, त्याची अंडी विष्ठेतून चाऱ्यावर येतात आणि मग तुमचंच मेंढरू एका बाजूला गरगर फिरायला लागतं. मुंडकं जाळा किंवा खोल पुरा. मेंढी व्यायल्यावर पडणारी वारही पुरा, तिची चटक लागलेलं कुत्रं विणाऱ्या मेंढीभोवती घुटमळतं. पट्टकृमीचं औषध प्राझिक्वांटेल, कुत्र्याच्या वजनाच्या किलोमागे 5 मिलिग्रॅम, दर तीन महिन्यांनी; गरगर दिसलेल्या कळपात दर सहा आठवड्यांनी. रेबीजची लस तीन महिन्यांचं झाल्यावर, पुढं दरवर्षी.

व्हिडिओत बघून गाढवाचंही विचारतात. भटक्या कुत्र्यांवर ते चालतं, पण एकच ठेवायचं आणि मादी किंवा खच्ची केलेलं. दोन असली की ती एकमेकांतच रमतात. बिबट्यापुढं गाढव म्हणजे निव्वळ चारा.

विषाचं नावही काढू नका. लांडगा 1972 च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणात, आहे, आणि विष पहिल्यांदा खातं ते तुमचंच कुत्रं. कुत्री माजावर आली की तीनेक आठवडे वाड्यावर बांधून ठेवा. पुण्याजवळच्या माळावर लांडगा-कुत्र्याचा संकर जनुकीय तपासणीत सिद्ध झालाय. पिल्लं नको असतील तर नसबंदी करून घ्या, राखण काही कमी होत नाही.

पुढचं पिल्लू जुनं कुत्रं पाच-सहा वर्षांचं असतानाच आणा. म्हातारं झाल्यावर आणलं तर शिकवायला कुणी उरत नाही.