नारायण पेठेतला सायरन

दिवाळी अंकांचा हंगाम आला की आम्हा कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्यांचाही हंगाम सुरू होतो. नारायण, शनिवार, सदाशिव या पेठांमध्ये अजूनही डीटीपीची, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावून देणारी, छोटी छोटी ऑफिसं आहेत. वर्षभर त्यांना आमची आठवण नसते, पण सप्टेंबर-ऑक्टोबरात फॉन्ट गेला, प्रिंटर अडला, पान हललं की लगेच फोन. २०२५च्या ऑक्टोबरात अशाच एका ऑफिसातून सकाळी सकाळी फोन आला. मालकांना सगळे काकाच म्हणतात, मीही.

फोनवर काकांच्या मागे भोंगा वाजत होता आणि एक बाई इंग्रजीत पुन्हा पुन्हा तेच वाक्य बोलत होती.

"अरे, कॉम्प्युटर हॅक झालाय. बंद करू नका म्हणतेय ही. खाली नंबर दिलाय, लावू का?"

"काका, नंबर अजिबात लावायचा नाही. आलोच मी."

तेवढ्यात भोंगा थांबला आणि आतल्या खोलीतून "अहो काका!" अशी हाक आली. काकांनी मेन स्विच खाली ओढला होता. भोंगा वाजत होता काउंटरवरच्या मशीनवर, वीज गेली सगळ्या ऑफिसची. आत ऑपरेटर ताई अंकाचा शेवटचा फर्मा, म्हणजे एकत्र छापायच्या पानांचा गठ्ठा, पेजमेकर या पानं लावायच्या प्रोग्राममध्ये लावत होत्या. यूपीएसची बॅटरी कधीच मेली होती.

मी पोचलो तेव्हा काका डोक्याला हात लावून बसले होते. व्हायरस राहू दे, आधी ताईंचं काम बघू म्हटलं. मशीन चालू केलं, फाइल उघडली. पेजमेकर हा जुना गडी, २००१ सालच्या सातव्या आवृत्तीनंतर अडोबीने त्याला पुढे नेलंच नाही. पण त्यात एक फार शहाणी सोय आहे. एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलात की तो न सांगता स्वतःपुरतं सेव्ह करून ठेवतो, आणि वीज गेल्यावर फाइल तिथपासून उघडतो. ताईंच्या फर्म्यातलं शेवटचं अर्धं पान गेलं, बाकी सगळं जागेवर. ताईंनी देवाला हात जोडले, त्यातले थोडे खरं तर पेजमेकरला जोडायला हवे होते.

मग काउंटरकडे वळलो. तिथे कॉलेज सांभाळून अर्धवेळ काम करणारा एक मुलगा बसतो, तो पांढराफटक पडला होता. क्रोम उघडल्यावर 'पानं पुन्हा उघडू का' असं विचारतं, तिथे नाही म्हटलं. सायरन गायब. काकांना हे पटेना. इतका मोठा गोंधळ आणि एका 'नाही'ने गेला?

तो मुळात व्हायरस नव्हताच. ते एक वेबपान होतं. पडदाभर पसरलेलं, त्यामुळे बंद करायची फुली दिसत नाही. त्यावर विंडोजच्या खिडकीसारखं चित्र आणि मागे वाजणारा ध्वनी. मशीनमध्ये काही शिरलेलंच नसल्यामुळे अँटीव्हायरसला पकडायलाही काही नसतं. एस्केप दाबून धरायचं, नाही जमलं तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केपने टास्क मॅनेजर उघडून ब्राउझरच मारायचा. त्या सगळ्या नाटकात खरा फास एकच असतो, तो म्हणजे खालचा फोन नंबर. तो लावला की पलीकडचा गोड बोलून मशीनचा ताबा देणारं सॉफ्टवेअर घालायला लावतो आणि तुमच्यादेखत बँकेत शिरतो. पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर त्याच मिनिटाला फोन करायचा, दुसऱ्या दिवशी चौकीत जाऊ म्हणून थांबायचं नाही, एवढं काकांना कागदावर लिहून दिलं.

हे सांगत असतानाच उजव्या कोपऱ्यात लाल पट्टी उगवली. 'तुमच्या कॉम्प्युटरवर ५ व्हायरस सापडले.' पाठोपाठ दुसरी.

"बघ! आहे अजून!" काका म्हणाले.

मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि पट्टीच्या खालची बारीक ओळ वाचायला लावली. तिथे क्रोमचं नाव होतं आणि पुढे कुठल्याशा अगम्य वेबसाइटचा पत्ता. म्हणजे हा इशारा विंडोजचाही नाही आणि अँटीव्हायरसचाही नाही. एका वेबसाइटला आपणच 'सूचना पाठवायला परवानगी' दिलेली असते आणि ती आता आपल्याच दारात ओरडत असते. साइट बंद असली तरी ओरडते. क्रोमच्या साइट सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्सची यादी असते, ती उघडली तर परवानगी मिळालेल्या साइटींची ही रांग! त्यात एक मराठी बातम्यांची होती, बाकी सगळा कचरा. सगळ्या काढल्या आणि यापुढे कुणालाच विचारू द्यायचं नाही असा पर्याय लावला.

परवानगी दिली कुणी, हा प्रश्न काकांच्या चेहऱ्यावर होताच. झालं असं होतं की एका लेखकाने कथा पीडीएफमध्ये पाठवली. तिचा मजकूर हवा म्हणून मुलाने 'फुकट पीडीएफ टू वर्ड' शोधलं, जो पहिला दिसला त्या साइटवर कथा चढवली, आणि मध्ये 'तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा' असं आलं. त्याने दाबलं. खरी रोबो-तपासणी अलाऊ दाबायला कधीच सांगत नाही. पण मला जास्त खटकली ती दुसरी गोष्ट. अंक बाजारात यायच्या आधीच ती कथा कुठल्या तरी अनोळखी सर्व्हरवर जाऊन पडली होती. लेखकाला मूळ वर्ड फाइल मागायची, हा साधा उपाय कुणालाच सुचला नव्हता.

सेटिंग्ज उघडण्यासाठी मी पत्त्याच्या पट्टीत अक्षरं टाकत होतो. दोन अक्षरं टाकताच खाली सूचना आल्या: 'राजीनामा पत्र नमुना मराठी', 'खराडी डिझायनर जॉब फ्रेशर'. काका माझ्या मागे चष्मा सावरत उभे. मी भराभर पुढची अक्षरं दाबून ओळी घालवल्या आणि काकांना म्हटलं, चहा सांगता का?

ते दाराकडे वळल्यावर मुलगा पुटपुटला, "दादा, हे मी घरी मोबाइलवर शोधलं होतं. इथे कसं काय आलं?"

कसं म्हणजे, त्याने या मशीनवरच्या क्रोममध्ये स्वतःच्या जीमेलने साइन-इन करून सिंक चालू केलं होतं. एकदा सिंक चालू झालं की फोनवरचा शोध ऑफिसात आणि ऑफिसातला फोनवर. इनकॉग्निटोत, म्हणजे क्रोमच्या इतिहास न ठेवणाऱ्या खिडकीत, शोधलं असतं तर ही नोंद राहिली नसती, पण तेवढंच. इंटरनेट पुरवणाऱ्याला तुम्ही कुठल्या साइटवर गेलात ते तेव्हाही दिसू शकतं. त्याला वाटत होतं इनकॉग्निटो म्हणजे अदृश्य होणं.

बरं, हा रस्ता दोन्ही बाजूंनी चालू होता. सेव्ह केलेल्या पासवर्डांची यादी उघडली आणि माझ्याच पोटात गोळा आला. त्यात ऑफिसच्या चालू खात्याचा नेट बँकिंगचा पासवर्ड होता. काकांनी कधी तरी या मशीनवर बँक उघडली असणार, क्रोमने 'सेव्ह करू?' विचारलं असणार आणि काकांनी सवयीने होकार दिला असणार. तो पासवर्ड गेला मुलाच्या गूगल खात्यात, तिथून त्याच्या मोबाइलमध्ये. मुलाला याचा पत्ताच नव्हता. ओटीपी काकांच्या फोनवर येतो म्हणून निभावलं, पण अर्धी किल्ली महिनोन्महिने बसमधून हिंडत होती.

काकांना काय सांगायचं? पासवर्डचं सांगणं भागच होतं. त्यांनी आधी मुलाकडे पाहिलं. मी म्हटलं, "त्याच्याकडे बघू नका, होकार तुम्ही दिलाय." शोधांबद्दल मात्र एक अक्षर बोललो नाही, तो माझा विषय नव्हे. पासवर्ड तिथल्या तिथे काकांच्या फोनवरून बदलला. मुलाच्या खात्यातून बँकेची नोंद काढली, त्याला मशीनवरून साइन-आउट केलं आणि ऑफिसच्या कामापुरतं वेगळं, सिंक नसलेलं प्रोफाइल करून दिलं.

चहा आला. खरं दुखणं मात्र आतल्या खोलीत होतं, आणि त्याने आजवर एकदाही आवाज केला नव्हता.

ताईंचं मशीन विंडोज ७चं. मायक्रोसॉफ्टने त्याचे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० रोजी थांबवले. पण इथे त्याच्याही आधीपासून काही आलेलं नव्हतं. अपडेटची यादी उघडली तर शेवटची नोंद २०१६ची. असं का, हे काकांना विचारायची गरज नव्हती, त्या काळात अपडेट झाल्यावर त्यांच्या मराठी फॉन्टचं डोंगल, म्हणजे लावल्याशिवाय फॉन्ट चालतच नाहीत ती छोटी किल्ली, मशीनला ओळखू येईनासं झालं होतं. ते चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, जुन्या जमान्यातला. दिवाळी तोंडावर, डोंगलचा दिवा बंद आणि पडद्यावर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चुराडा. तेव्हाच काकांनी अपडेट बंद करून टाकलं. अपडेट न करणाऱ्यांना आमच्या धंद्यात आळशी म्हणायची पद्धत आहे. मला ते पटत नाही, यातली बरीच माणसं एकदा पोळलेली असतात.

तरीही २०१६ म्हणजे फार झालं. कारण १४ मार्च २०१७ला विंडोजच्या फाइल शेअरिंगमधलं एक भोक बुजवणारा पॅच आला, आणि जवळजवळ दोन महिन्यांनी, १२ मेला, त्याच भोकातून वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम जगभर पसरला. दीडशे देश, दोन लाखांहून जास्त मशीनं. त्यात बहुसंख्य विंडोज ७ होती, पॅच न घातलेली. ताईंच्या मशीनवर ते भोक तसंच उघडं, वर आख्खी ड्राइव्ह सगळ्यांना शेअर केलेली. राउटरच्या आड आहे म्हणून बाहेरून थेट कुणी पोचत नाही. पण काउंटरच्या मशीनवर खरं काही शिरलं असतं, तर मधल्या केबलवरून क्षणात आत.

"आमच्याकडे कोण येतंय चोरी करायला?" काका म्हणाले. "कॉसमॉस बँकेचे ९४ कोटी गेले २०१८मध्ये. ते बँका बघतात, डीटीपी नाही बघत."

तिथे कुणी तरी महिनोन्महिने नेम धरला असेल. वॉनाक्रायने कुणाचाच नेम धरला नव्हता, दार उघडं दिसलं की आत. पंधरा वर्षांच्या अंकांच्या फाइली कुलूपबंद झाल्या तर, एवढंच विचारलं. काका गप्प झाले.

ऐन हंगामात चालत्या मशीनवर अपडेट चढवायला माझी तयारी नव्हती. त्यामुळे केलं ते इतकंच: ताईंच्या मशीनची लॅन केबल काढली, शेअरिंग बंद केलं. मेल, व्हॉट्सअॅप, पीडीएफ सगळं काउंटरवर. आत मजकूर जाईल तो पेनड्राइव्हने, काउंटरवर स्कॅन करून, आणि ती पेनड्राइव्ह दुसरीकडे कुठेही लावायची नाही. ताई कुरकुरल्या. दिवसातून चार वेळा उठावं लागणार होतं. त्यांची कुरकुर रास्तच होती. पण वितभर केबलीपेक्षा स्वस्त उपाय माझ्याकडे नव्हता.

दिवाळी झाल्यावर डिस्कचा क्लोन, म्हणजे हुबेहूब प्रत, केला, मार्च २०१७चा तो पॅच आधी क्लोनवर घालून पाहिला. डोंगलचा दिवा लागला, पान नीट उघडलं. मग मूळ डिस्कवर घातला. केबल तरीही परत लावली नाही.

काउंटरच्या मशीनचं घोंगडं अजून भिजत पडलंय. त्यावर विंडोज १०, त्याच्याही सुरक्षा अपडेटची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ला संपली. प्रोसेसर सहाव्या पिढीचा, विंडोज ११ त्याला अधिकृतपणे घेत नाही. १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतच्या मुदतवाढीसाठी नाव नोंदवून दिलंय. नव्या मशीनचा विषय काढला की काका म्हणतात, पुढच्या अंकाच्या जाहिराती येऊ देत.