लाटणं क्रमांक ७०००

नागपूजेसाठी प्रसिद्ध शिराळ्याजवळच्या एका गावात, समाजमंदिरात मी लॅपटॉप मांडला तेव्हा नागपंचमीला पाच दिवस उरले होते. तारीख ठरवताना मी परीक्षांचं वेळापत्रक पाहिलं होतं, पंचांग नाही. आणि दाखवायच्या साठ चित्रांपैकी तीन सापांची होती.

आमच्या मानसशास्त्रात, भावना मोजायला, आयएपीएस (इंटरनॅशनल अफेक्टिव्ह पिक्चर सिस्टिम) नावाचा चित्रसंग्रह फार वापरला जातो. फ्लोरिडा विद्यापीठात पीटर लँग आणि मार्गारेट ब्रॅडली यांच्या गटाने तो जमवला. हजाराहून जास्त छायाचित्रं आहेत त्यात: बाळं, कुत्र्याची पिल्लं, बंदुका, जखमा, साप, बर्फावरून घसरणारी माणसं. चित्र सहा सेकंद दाखवायचं आणि बघणाऱ्याला काय वाटलं ते नऊ पायऱ्यांच्या मापावर टिपायचं. बरं वाटलं की वाईट, जीव शांत राहिला की खळबळला, आणि समोरच्या गोष्टीपुढे आपला ताबा किती. प्रत्येक चित्राला क्रमांक आहे आणि अमेरिकी विद्यार्थ्यांनी दिलेल्या गुणांची सरासरी आहे. तिच्यावरून चित्रं सुखद, भीतिदायक, तटस्थ अशी वाटून घेतात. (चित्रं चारचौघांत छापायची नाहीत असा दंडक आहे, म्हणून वर्णनं मोघम ठेवते.)

गुण द्यायला शब्द लागू नयेत म्हणून एक बाहुलं असतं. पहिल्या ओळीत ते हसऱ्याचं रडवं होत जातं. दुसरीत पेंगुळलेलं बाहुलं टक्क जागं होतं आणि त्याच्या पोटात काहीतरी फुटल्यासारखं दिसतं. तिसरीत ते चिमुकल्यापासून वाढत वाढत चौकटीबाहेर जातं.

पहिल्याच काकूंनी त्या पोटावर बोट ठेवलं. "ह्याला भूक लागलीया व्हय?"

"नाही काकू, आत खळबळ माजलीय त्याच्या."

"मग तसं सांगा की. मला वाटलं, ॲसिडिटी."

पोटात गोळा येतो, पोटात माया असते, लेकराचे अपराध पोटात घालतात. आमच्या भाषेनं एवढा संसार पोटात मांडून ठेवलाय, आणि मी समजत होते की बाहुल्याला भाषा नाही.

मग साप आला. फणा काढलेलाही नव्हता, नुसता वेटोळं घालून बसलेला. काकूंनी चप्पल बाकाखाली सरकवली आणि पडद्याला हात जोडले. पंचमीच्या आदल्या दिवशी त्या भावासाठी उपवास धरायच्या, आणि नाग हा भाऊच. पहिल्या ओळीत सगळ्यात हसरं बाहुलं. दुसरीत पेंगुळलेलं. तिसरीत त्यांनी सगळ्यात चिमुकलं निवडलं. "त्याच्याम्होरं आपण केवढं?" आता पुस्तकाप्रमाणे चिमुकलं म्हणजे असहाय, हतबल. या बाईंना लहान होण्यातच बरं वाटत होतं. आकडा मी लिहिला, १. त्या आकड्याला आपण काय म्हणायचं ते मला आजही नीट ठरवता आलेलं नाही.

दफनभूमीचं चित्र सरासरीने दुःखद गटातलं. हिरवळ, पांढरे दगड. तिघींनी 'बाग झ्याक हाय' म्हणून हसरं बाहुलं दिलं. पुढे.

एव्हाना खिडकीत बायकांची गर्दी झाली होती. एका वेळी एकच बाई, शांत खोली, मंद उजेड हे सगळं माझ्या प्रबंधाच्या आराखड्यातच राहिलं होतं. तेवढ्यात क्रमांक ७००० आला. लाटणं. दोन्ही बाजूंना मुठी असलेलं परदेशी लाटणं. या संग्रहातलं हे ठरलेलं तटस्थ चित्र. कप, टोपली, छत्री यांच्या पंगतीतलं. तटस्थ चित्र म्हणजे तराजूचं शून्य. बाकीच्या भावना त्याच्या तुलनेत मोजायच्या.

समोर सत्तरी ओलांडलेल्या आजी होत्या. लग्नानंतर लालबागला चाळीत गेलेल्या, मालक गिरणीत, संपानंतर गावी परत. त्या उभ्याच राहिल्या.

"अगं, मोर्चा!"

मला कळेना. खिडकीतल्या पोरी हसायला लागल्या. आजींनी डावा हात थाळीसारखा धरला आणि उजव्या मुठीनं त्यावर बडवायला लागल्या. "त्याल न्हाई, साखर न्हाई, रॉकेल न्हाई! मृणालताई म्होरं, आमी मागं. आख्खी चाळ उतरली हुती बघ रस्त्यावर." १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर या नेत्यांबरोबर महागाईविरुद्ध बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, ते मी शाळेत एका ओळीत वाचलं होतं. त्या ओळीतली एक बाई माझ्यासमोर उभी होती आणि तिला धाप लागली होती. बाहुलं निवडा म्हटल्यावर त्यांनी पोट फुटलेल्यावर टिचकी मारली. नऊ. ताबा? चौकटीबाहेर गेलेलं. पुन्हा नऊ.

त्यांच्यामागून आलेली सूनबाई एका मेसला रोज दोनशे चपात्या लाटून द्यायची. तिनं लाटणं बघून उजवा खांदा दाबला आणि रडवं बाहुलं दाखवलं.

परतीच्या एसटीत मला उषा मेनन आणि रिचर्ड श्वेडर यांचा १९९४ चा लेख आठवत राहिला. भुवनेश्वरमधल्या लोकांना त्यांनी कालीचं चित्र दाखवलं होतं. बाहेरच्याला बाहेर आलेल्या जिभेत क्रोध दिसतो. तिथल्या अनेकांना लाज दिसली. शिवाच्या अंगावर पाय पडला हे ध्यानात आलं आणि देवीनं जीभ चावली. आपणही चावतोच की. हा लेख मी एमएच्या परीक्षेत लिहून चांगले गुण मिळवले होते. तरी साप घेऊन शिराळ्याला नागपंचमीच्या तोंडावर गेले!

मार्गदर्शकांनी तक्ता पाहिला. "ही आजींची ओळ आउटलायर आहे, सगळ्यांपेक्षा फार वेगळी पडलेली. काढून टाक."

"शून्यच हललंय, सर."

"म्हणूनच काढ."

मी काढली नाही. दोन महिने त्यावरून बोलणी खाल्ली. शेवटी तडजोड अशी ठरली की तटस्थ चित्रांसाठी फोटो मी स्वतः काढायचे, तिथलेच. कॅमेरा घेऊन पुन्हा गेले. पिवळी प्लास्टिकची बादली मला अगदी निर्जीव वाटली होती. काकूंनी ती पाहिली आणि घड्याळाकडे बघितलं. टँकरची वेळ झाली होती.