आमच्या कॉलेजचा कार्बन मोजताना

‘आपलं आवार कार्बन न्यूट्रल करायचं’, म्हणजे आपण जेवढं उत्सर्जन करतो त्याची पूर्ण भरपाई करायची, असं बैठकीत ठरलं आणि काम माझ्याकडे आलं. पहिली सूचना झाडं लावण्याची होती, दुसरी छतावर सोलर पॅनेल बसवण्याची. दोन्ही चांगल्याच. पण आपण वर्षाला किती उत्सर्जन करतो हेच कुणाला सांगता येत नव्हतं. मी म्हटलं, आधी मोजू.

मोजायला ग्रीनहाऊस गॅस प्रोटोकॉलची, म्हणजे उत्सर्जन तीन ‘स्कोप’मध्ये (गटांत) विभागून मोजणारी पद्धत घेतली. आवारात जळणारं इंधन आणि तिथेच गळणारे वायू पहिल्या स्कोपमध्ये, विकत घेतलेली वीज दुसऱ्यात. प्रवास, खरेदी, कचरा हे सगळं तिसऱ्यात.

जनरेटरच्या डिझेलचा हिशेब सोपा निघाला: लिटरमागे सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड. एका विद्यार्थिनीने लगेच अडवलं, “मॅडम, लिटरभर डिझेलचं वजनच किलोपेक्षा कमी, मग धूर पावणेतीन किलो कसा?” प्रश्न फार आवडला मला. जळताना कार्बन हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो. १२ ग्रॅम कार्बनपासून ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. विजेच्या बाबतीत ती कशापासून बनते यावर आकडा ठरतो. कोळशाची असेल तर युनिटमागे किलोच्या आसपास.

खरा धक्का एसीने दिला. सर्व्हिसिंगच्या बिलांवर फक्त ‘गॅस भरला’ एवढंच लिहिलेलं. किती, कोणता, काही नाही. मग इलेक्ट्रिशियन काकांबरोबर शिडी घेऊन मी एकेका यंत्राची पाटी वाचत फिरले. बऱ्याच यंत्रांत आर-४१०ए हा गारवा देणारा वायू होता. शंभर वर्षांच्या हिशेबाने हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,०८८ पट तापवतो. म्हणजे एक किलो गळला तर जवळपास ७८० लिटर डिझेल जाळल्यासारखं! काकांना हे सांगितल्यावर ते थोडा वेळ गप्पच राहिले. मग म्हणाले, “गळती शोधायला वेळ लागतो मॅडम. नुसता गॅस भरून मोकळं व्हायला सांगतात.” त्यांचं बरोबर होतं. आजवर गळती शोधण्याचं काम कुणी त्यांना दिलंच नव्हतं.

दुसरी गोष्ट रात्री सापडली. मीटरच्या तासातासाच्या नोंदी काढल्या, तर सुट्टीच्या रात्रीसुद्धा वापर म्हणावा तसा खाली येत नव्हता. दोन रात्री आम्ही इमारतीतून फिरलो. केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेतले फ्यूम हूड, म्हणजे रसायनांच्या वाफा बाहेर ओढणारी काचेच्या दाराची कपाटं, उघडेच होते आणि गार केलेली हवा रात्रभर बाहेर फेकत होते. काचेचं दार खाली ओढायचं, एवढाच उपाय, आणि तोही फुकटात. जिथे हूडच्या पंख्याचा वेग आपोआप दाराप्रमाणे कमी-जास्त होतो, तिथे याने सर्वांत जास्त बचत होते.

तिसऱ्या स्कोपमध्ये मात्र दमछाक झाली. रोजच्या प्रवासाच्या ऑनलाइन फॉर्मला फारच थोडी उत्तरं आली, आणि ती बहुतेक पर्यावरणाची आवड असलेल्यांचीच. त्यावरून सरासरी काढणं मला पटेना. शेवटी वर्गावर्गांत जाऊन विचारलं.

अहवाल मांडल्यावर समितीत वाद झाला. कार्बन क्रेडिट (दुसऱ्या कुणी केलेल्या उत्सर्जन-घटीचं श्रेय) विकत घेऊन यंदाच न्यूट्रल जाहीर करू, असं काहींचं मत होतं. मी विरोध केला. अमेरिकेतल्या मिडलबरी कॉलेजचं उदाहरण दिलं: २००७मध्ये संकल्प, २००९मध्ये लाकडाच्या चिप्सवर चालणारं ऊर्जा संयंत्र, आणि घोषणा थेट डिसेंबर २०१६मध्ये. त्यांनीही उरलेल्या उत्सर्जनासाठी स्वतःच्या राखलेल्या जंगलाचा आधार घेतलाच, पण आधी बरीच घट करून. झाडाला कार्बन साठवायला दशकं लागतात. ते जळलं की साठवलेलं सगळं पुन्हा हवेत जातं. जनरेटरचा धूर मात्र आजच निघतो.

घोषणेची तारीख आम्ही अजून ठरवलेली नाही. मोजलेलं वर्ष पुढच्या तुलनेसाठी आधारवर्ष धरलं, सोलरसाठी छताची पाहणी सुरू केली, आणि इलेक्ट्रिकल रूममध्ये गॅसची वेगळी वही ठेवली. पहिली नोंद काकांनीच केली: तारीख, खोली क्रमांक, किती ग्रॅम भरला, आणि शेवटच्या रकान्यात गळती कुठे सापडली ते.