न्यूट्रलवर विसंबून गेलेले नऊ दिवस

जुन्या मोटरबोटीचं इंजिन जाम झालं, असं धरून मी नऊ दिवस सिलिंडरमध्ये तेल मुरवत बसलो. इंजिन जाम नव्हतंच. ते नऊ दिवस अजून सलतात, म्हणून हा अनुभव.

३.० लिटरचं चार सिलिंडर मर्क्रूझर इंजिन, मागे अल्फा वन स्टर्नड्राइव्ह (इंजिन बोटीच्या आत, गिअर आणि प्रोपेलरचा भाग बोटीच्या मागे बाहेर), तीन हंगाम उभी असलेली बोट. चावी फिरवली की सोलेनॉइडचा (स्टार्टरला वीज देणाऱ्या स्विचचा) एक ठोका, पुढे शांतता. बॅटरी १२.६ व्होल्ट, केबलची टोकं घासलेली. पुन्हा चावी मारली नाही, तेवढं बरोबर केलं. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही आणि स्टार्टरच्या जोराने कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

बॅटरी सोडली, चारही प्लग काढले. सिलिंडर कोरडे. बेल्ट उतरवल्यावर अल्टरनेटर आणि इंजिनावरचा पाणी फिरवणारा पंप हाताने फिरले. स्टार्टरही उतरवला, कारण त्याचं पिनियन (छोटं दातेरी चाक) फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकलं तरी इंजिन हलत नाही. पुढच्या पुलीला मधला बोल्ट नसल्यामुळे स्टार्टरच्या जागेतून दात्यांना पहार लावून पाहिली. केसभरही हललं नाही.

मग एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) आणि अ‍ॅसिटोन निम्मं-निम्मं, प्रत्येक सिलिंडरमध्ये साधारण ५० मिली. हे मिश्रण आपोआप वेगळं होतं, दर वेळी हलवूनच ओतायचं. प्लगच्या भोकातून बारीक कॅमेरा घातला तर भिंती स्वच्छ, गंजाचा एकही पट्टा नाही. तिथेच ओळखायला हवं होतं. पण शिफ्ट (गिअर बदलायचा दांडा) न्यूट्रलमध्ये होता, म्हणून ड्राइव्हचा संबंध नाही असं मी गृहीत धरलं.

इथे बहुतेकजण फसतात. अल्फाचा डॉग क्लच (प्रोपेलरला गिअरशी जोडणारा दातेरी तुकडा) खालच्या भागात, प्रोपेलरच्या शाफ्टवर असतो. न्यूट्रलमध्ये फक्त प्रोपेलर सुटतो. कपलर (इंजिनामागचा जोड), गिंबल बेअरिंग (ड्राइव्हच्या शाफ्टला आधार देणारं), युनिव्हर्सल जॉइंट, वरचे गिअर आणि उभा शाफ्ट इंजिनाबरोबर फिरतच राहतात. यातलं काहीही धरलं की इंजिनही धरलं जातं. प्रोपेलर हाताने मोकळा फिरतो यावरून काहीच सिद्ध होत नाही. म्हणून तेल ओतण्याआधी ड्राइव्ह उतरवा. दहाव्या दिवशी मी तेच करायला घेतलं आणि खरी अडचण तिथे सुरू झाली.

आधी खालचा ड्रेन स्क्रू, मग वरचा व्हेंट स्क्रू काढला. पहिल्यांदा पाणी आलं, मागून दुधासारखं गिअर ऑइल. शिफ्ट फॉरवर्डमध्ये टाकला, ट्रिम सिलिंडरच्या मागच्या पिना काढल्या, सहा नट सोडले. दोन नट स्टडच्या टोकाला दोन आटे चढवून ठेवले. ड्राइव्ह ५० किलोच्या वर भरतो, अचानक सुटला तर पाय जातो. वजन चेन ब्लॉकवर घेतलं आणि ओढलं. इंचभर मागे आला आणि थांबला.

फाटलेल्या बेलोजमधून (सांध्यावरच्या रबरी घडीदार नळीतून) पाणी आत राहून ड्राइव्हचा शाफ्ट गिंबल बेअरिंगच्या आतल्या कड्याला गंजाने चिकटला होता. सगळे सांगतात, पहार घालून उचका. घालू नका. बेल हाउसिंगचा (ड्राइव्ह ज्यावर बसतो त्या भागाचा) ॲल्युमिनियमचा जोडाचा पृष्ठभाग दुखावला की पाण्याचं सील पुन्हा बसत नाही. ज्योत तर मुळीच नको, बिल्जमध्ये (बोटीच्या तळाच्या पोकळीत) पेट्रोलची वाफ असते. लाकडी पाचरी समोरासमोर, एकेक मिलिमीटर आळीपाळीने. तरी दोन दिवसांत काही नाही, कारण गंजापर्यंत तेल पोहोचतच नव्हतं. ग्रीस निपल काढून त्या भोकातून भेदक तेल सोडलं, तेही बेअरिंगच्या बाहेरच राहिलं.

शेवटी ड्राइव्ह एका बाजूला पूर्ण वळवला आणि युनिव्हर्सल जॉइंटचा बेलोज सुरीने उभा चिरला. तो नाहीतरी बदलायचाच होता, त्याला जपण्यात दोन दिवस घालवणं ही माझी चूक. आता तेल थेट शाफ्ट आणि कड्याच्या फटीत गेलं. सकाळ-संध्याकाळ फवारा, ड्राइव्ह वर-खाली हलवणं, पाचरी थोड्या आत. तिसऱ्या संध्याकाळी कटकन आवाज आला आणि शाफ्ट सरकला. लगेच फ्लायव्हीलला पहार लावली. इंजिन एका हाताने फिरलं! इतकं सुटल्यासारखं कधी वाटलं नव्हतं. ड्राइव्हचा शाफ्ट मात्र दोन्ही हातांनीही हलेना. वरच्या भागातली बेअरिंगं गंजून एक झाली होती.

वरचे गिअर शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) लावून बसवावे लागतात, अंदाजाने जमत नाही. मी वरचा भागच दुरुस्त केलेला घेतला. घेताना गिअर गुणोत्तर जुळवा, चार सिलिंडरचं आणि व्ही-आठचं वेगळं असतं. गिंबल बेअरिंग स्लाइड हॅमरने निघतं. नवीन ग्रीस करण्याजोगं असेल तर टॉलरन्स रिंगची (बेअरिंगभोवतीच्या कड्याची) फट ग्रीसच्या भोकासमोर ठेवा. मग अलाइनमेंट बार, म्हणजे इंजिन आणि ड्राइव्ह एका रेषेत आहेत का ते पाहायची दांडी. तो दोन बोटांनी कपलरमध्ये आत-बाहेर सरकला पाहिजे. नाही सरकला तर इंजिनाचे पुढचे माउंट वर-खाली करा.

ड्राइव्ह चढवतानाही शिफ्ट फॉरवर्डमध्येच, नट ५० फूट-पाउंड. प्लग बसवण्याआधी पहारीने इंजिन दोन पूर्ण फेरे फिरवा, आता ड्राइव्हसकट. सिलिंडरमधलं अ‍ॅसिटोन खाली ऑइलमध्ये उतरलेलं असतं, त्यामुळे ऑइल आणि फिल्टर आधी बदला, आणि चावी मारण्यापूर्वी ब्लोअर (बिल्जमधली वाफ बाहेर काढणारा पंखा) चार मिनिटं चालवा. बाहेरचं थंड पाणी ओढणारा दुसरा पंप याच ड्राइव्हमध्ये आहे. तीन हंगाम दबून राहिलेला इम्पेलर (त्या पंपाचं रबरी पंख्यासारखं चाक) बदलल्याशिवाय आणि नळाचं पाणी जोडल्याशिवाय इंजिन सुरू करू नका. कोरडा इम्पेलर काही सेकंदांत जळतो.