न आलेली माणसं

१३ ऑगस्ट २०१४, बुधवार. पुण्यात संध्याकाळचे सात वाजले, तिकडे न्यूयॉर्कचा बाजार उघडला आणि सी-वर्ल्ड या समुद्री प्राण्यांचे खेळ दाखवणाऱ्या अमेरिकी थीम पार्क कंपनीचा शेअर कोसळला. आदल्या दिवशी २८ डॉलरच्या वर बंद झालेला हा शेअर त्या दिवशी १८.९० वर थांबला. एका दिवसात ३३ टक्के. बँक बुडाली किंवा घोटाळा उघड झाला तर शेअर असे पडतात. इथे तसं काहीच घडलं नव्हतं. कंपनीने फक्त तिमाहीचे आकडे जाहीर केले होते आणि त्यासोबत एका वाक्यात एक गोष्ट कबूल केली होती. ती गोष्ट नऊ दिवस आधी गुंतवणूकदारांसाठीच्या आमच्या नोटच्या मसुद्यात लिहिलेली होती आणि ती मीच काढून टाकली होती.

मी तेव्हा पुण्यातून एका परदेशी ब्रोकरेजसाठी काम करायचो. थीम पार्क, क्रूझ आणि हॉटेल कंपन्या माझ्याकडे होत्या. या धंद्याबद्दल बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसतं ते असं, की नोटवर नाव न्यूयॉर्कच्या माणसाचं असतं आणि तिच्यातला जवळजवळ प्रत्येक आकडा पुणे, मुंबई किंवा गुरगावातल्या कुणीतरी रात्री जागून भरलेला असतो. आकडे आम्ही द्यायचे, मत त्यांनी द्यायचं. ही वाटणी मला तेव्हाही पटत नव्हती. पण तिची सवय होते, आणि सवय झाली की आपणही मत द्यायचं बंद करतो.

सी-वर्ल्डचं मॉडेल, म्हणजे कंपनीच्या कमाईचा अंदाज काढणारी शीट, मी स्वतः बांधलं होतं आणि मला त्याचा अभिमान होता. एप्रिल २०१३ मध्ये २७ डॉलरने कंपनीचा आयपीओ आला, तेव्हापासूनचं ते काम. थीम पार्कचं गणित वरवर सोपं असतं: किती माणसं आली गुणिले माणशी किती पैसे सुटले. खरी मेहनत असते ती माणसं का आली किंवा का आली नाहीत, हे शोधण्यात. ऑरलँडो आणि सॅन डिएगोत कुठल्या शनिवार-रविवारी पाऊस झाला, शाळांना सुट्ट्या कधी लागल्या, तिकिटं कधी वाढली, सवलती कधी बंद झाल्या, या प्रत्येकासाठी माझ्या शीटमध्ये वेगळी ओळ होती. ईस्टरची तर होतीच. २०१३ मध्ये ईस्टर ३१ मार्चला आला, म्हणजे पहिल्या तिमाहीत. २०१४ मध्ये तो २० एप्रिलला, म्हणजे दुसऱ्या तिमाहीत. त्यामुळे २०१४ च्या पहिल्या तिमाहीत पर्यटक १३ टक्क्यांनी घटले तेव्हा कंपनीने ईस्टरकडे बोट दाखवलं आणि आम्ही सगळ्यांनी मान डोलावली. ईस्टर पुढे गेलाय, माणसं पुढच्या तिमाहीत येतील.

त्याआधी २०१३ चं अख्खं वर्ष असंच गेलं होतं. पर्यटक सुमारे ४ टक्क्यांनी घटले होते, पण महसूल १४६ कोटी डॉलरवर, म्हणजे विक्रमी. कारण तिकीट महाग केलं होतं आणि सवलती कापल्या होत्या. माणसं कमी, पैसे जास्त. या व्यवसायात त्याला कौतुकाने 'प्रायसिंग पॉवर' म्हणतात. मीही तसंच लिहिलं. दर वाढवून झाकलेली गळती ही गळतीच असते, एवढं मला कळायला हवं होतं.

या सगळ्याच्या मागे टिलिकम होता. साडेपाच टनांच्या आसपास वजनाचा नर ऑर्का, म्हणजे किलर व्हेल. १९८३ मध्ये आइसलँडजवळच्या समुद्रात दोनेक वर्षांचा असताना पकडलेला, १९९२ पासून ऑरलँडोच्या सी-वर्ल्डमधल्या टाकीत. २४ फेब्रुवारी २०१० ला त्याने डॉन ब्रँशो या अनुभवी प्रशिक्षिकेला पाण्यात ओढून मारलं. त्यावर आणि एकूणच बंदिस्त ऑर्कांच्या हालांवर २०१३ मध्ये 'ब्लॅकफिश' हा माहितीपट आला आणि त्या ऑक्टोबरमध्ये सीएनएनने तो घराघरांत पोचवला. कंपनी आम्हा विश्लेषकांना तेव्हा ठामपणे सांगत होती, की धंद्यावर याचा काही परिणाम नाही.

आमच्या टीममध्ये एक मुलगी नवी आली होती. जेमतेम सहा महिने झाले असतील. ४ ऑगस्टला तिने माझ्याकडे निकालापूर्वीच्या नोटचा मसुदा आणला, त्यात एक जादा परिच्छेद होता. मी विचारलं, "हे कशाला?"

"सर, शाळेने ट्रिप रद्द केली तर ती आपल्या मॉडेलमध्ये कुठल्या ओळीत येते?"

कुठल्याच नाही. पावसाला ओळ होती, ईस्टरला होती, तिकिटाच्या दराला होती. 'आम्हाला ते बघवत नाही' म्हणून घरी बसलेल्या कुटुंबाला ओळ नव्हती. पार्कच्या फाटकावर येणाऱ्यांची मोजदाद होते. न आलेला माणूस कुठे नोंदवला जात नाही, आणि का आला नाही हे तर मुळीच नाही. मी तिला हे नीट समजावून सांगितलं, वर असंही सांगितलं की ज्याचा आकडा देता येत नाही ते नोटमध्ये टाकायचं नाही, न्यूयॉर्कचे साहेब पहिला प्रश्न 'किती टक्के?' हाच विचारतात. तिने "ठीक आहे, सर" म्हटलं. मी परिच्छेद खोडला. ती गप्प बसली याचं मला त्या वेळी बरंच वाटलं, हे लिहायला आज जड जातंय.

मधल्या रविवारी नारळी पौर्णिमा होती. आचऱ्याहून मामाचा फोन आला. तिकडे सिंधुदुर्गात तेव्हा तोंडवळी-वायंगणीच्या प्रस्तावित, नावाने तशाच 'सी-वर्ल्ड' पर्यटन प्रकल्पावरून रान पेटलं होतं. लोकांचा मुख्य विरोध जमिनीसाठी होता, बागा आणि घरं जाणार म्हणून. त्यात डॉल्फिनचे खेळ करणाऱ्या तलावांना परवानगी देऊ नका, असं केंद्राने मे २०१३ मध्येच राज्यांना कळवलं होतं. मामाला माझं काम अर्धंमुर्धं ठाऊक. म्हणाला, "तू त्या अमेरिकेच्या सी-वर्ल्डाचा हिशोब ठेवतंस ना? मगे सांग, दर्या हयसर आसा, डॉल्फिन होडयेपुढसून जातत, ते टाकयेत घालून दाखवूची गरज कित्याक?" मी म्हटलं, मामा, तिकडे वर्षाला दोन कोटींहून जास्त लोक जातात. तो म्हणाला, "जातत ते जातत. जे जायनत नाय, तेंका कोणी इचारल्यान?"

तीन दिवसांनी आकडे आले. मी आधी पर्यटकसंख्या बघितली. ईस्टर आत असूनही वाढ ०.३ टक्के. दोन्ही तिमाह्यांची बेरीज केली की ईस्टरचा घोळ आपोआप निघून जातो. ही बेरीज पहिल्या तिमाहीनंतर कुणालाच करता येत नव्हती, पण आता येत होती. सहा महिन्यांत मागच्या वर्षापेक्षा ४.३ टक्के कमी, म्हणजे चार लाखांहून जास्त माणसं आलीच नव्हती. त्यांना आणण्यासाठी पुन्हा सवलती दिल्या होत्या, म्हणून माणशी महसूलही सुमारे २ टक्क्यांनी उतरला होता. बाजाराने साडेचव्वेचाळीस कोटी डॉलर महसूल धरला होता आणि हातात आले साडेचाळीस कोटी.

आणि ते वाक्य. कॅलिफोर्नियातल्या प्रस्तावित कायद्याभोवतीच्या बातम्यांमुळे मागणीवर ताण आला, असं कंपनीने पहिल्यांदा लिहून दिलं. हा कायदा म्हणजे ऑर्कांच्या खेळांवर आणि प्रजननावर बंदी आणणारं विधेयक, आमदार रिचर्ड ब्लूम यांनी मार्चमध्ये मांडलेलं. माहितीपटाचं नाव टाळून ते कायद्यावर नेलं होतं. पण अर्थ सगळ्यांना कळला.

पूर्ण वर्षाचा अंदाज वाचताना मात्र माझे हात थांबले. महसूल ६ ते ७ टक्के कमी, कामकाजाचा नफा १४ ते १६ टक्के कमी. महसुलापेक्षा नफा दुप्पट का पडतो, ते या धंद्यात शिरल्याशिवाय लक्षात येत नाही. गर्दी कमी असली की हॉटेल एखादा मजला बंद ठेवतं, विमान कंपनी फेरी कमी करते. ऑर्काला रोज शंभर किलोच्या आसपास मासे लागतात, ते कमी करता येत नाहीत. लाखो गॅलन खारं पाणी दिवसरात्र गाळावं लागतं, गार ठेवावं लागतं. पशुवैद्य, प्रशिक्षक, पंप, सगळं चालूच. स्टेडियममध्ये पाच हजार माणसं बसोत की पाचशे, खर्च तेवढाच. म्हणजे ज्या प्राण्यांसाठी माणसं यायची त्यांचाच खर्च कमी होत नव्हता, आणि त्यांच्याचमुळे माणसं यायची थांबली होती. हे समीकरण मी माझ्या शीटमध्ये अगदी बरोबर बांधलं होतं. फक्त त्यात 'लोकांना वाईट वाटणं' शून्य धरलं होतं.

न्यूयॉर्कच्या साहेबांचा फोन साडेसातला आला. त्यांचा पहिला प्रश्न 'किती टक्के?' हा नव्हता. "हे आपण आधी का लिहिलं नाही?" हा होता. मी म्हणालो, मोजता येत नव्हतं. ती मुलगी समोरच बसली होती. तिने मान वर केली नाही. साहेबांना मी तिचं नाव तेव्हा सांगायला हवं होतं. मॉडेल नव्याने मांडून आम्ही रात्री दोनला निघालो. मी एक नवी ओळ घातली आणि तिच्यात उणे चार टक्के लिहिलं. ते चार अंदाजाने टाकले होते. त्याच उन्हाळ्यात ऑरलँडोत युनिव्हर्सल या दुसऱ्या थीम पार्कचं हॅरी पॉटरचं नवं दालन उघडलं होतं. काही माणसं तिकडेही गेली असणार. कोण दयेपोटी आलं नाही आणि कोण जादूची कांडी घ्यायला गेलं, हे वेगळं काढणं मला आजही जमणार नाही.

गणपतीला गावी गेलो तेव्हा मामाला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "आनी ता जनावर?"

"टाकीतच आहे, मामा."

पुढच्या गोष्टी भराभर घडल्या. शेअर पडल्यानंतर दोनच दिवसांत कंपनीने मोठ्या टाक्यांची घोषणा केली. वर्ष संपता संपता मुख्य अधिकाऱ्याचं पद गेलं. १७ मार्च २०१६ ला ऑर्कांचं प्रजनन थांबवल्याचं जाहीर झालं. जानेवारी २०१७ मध्ये टिलिकम गेला, टाकीतच. त्याच वर्षी पर्यटक २ कोटी ८ लाखांवर उतरले. मग नवे रोलर कोस्टर आले, माणसं परतली, २०२२ मध्ये महसूल पुन्हा विक्रमी झाला. 'लोकांनी धडा शिकवला' असं म्हणणाऱ्यांना मी ही शेवटची ओळ वाचून दाखवतो. आणि 'काही फरक पडला नाही' म्हणणाऱ्यांना आधीच्या ओळी.

सप्टेंबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या एसईसीने, म्हणजे तिथल्या शेअर बाजाराच्या नियामकाने, कंपनीवर आणि माजी मुख्याधिकाऱ्यावर ठपका ठेवला, की माहितीपटाने प्रतिमेला आणि धंद्याला पोचलेली झळ गुंतवणूकदारांपासून लपवली. दोघांनी मिळून ५० लाख डॉलरहून जास्त रक्कम भरली, आरोप मान्य किंवा अमान्य न करता. बातमी आली त्या दिवशी त्या मुलीचा मेसेज आला. ती तेव्हा दुसऱ्या कंपनीत होती. "सर, तो परिच्छेद आहे का हो अजून?"

होता. जुन्या मसुद्याची प्रत मी काढून टाकली नव्हती. मूळ इंग्रजी, इथे मराठीत देतो:

"मालिबूतल्या एका प्राथमिक शाळेने सी-वर्ल्डची सहल रद्द केली आहे. डिसेंबरात अनेक गायकांनी कंपनीच्या पार्कमधले कार्यक्रम सोडले. गेल्या आठवड्यात साउथवेस्ट एअरलाइन्सने २६ वर्षांची भागीदारी संपवत असल्याचं सांगितलं. याचा पर्यटकसंख्येवर किती परिणाम होईल ते आम्हाला मोजता आलेलं नाही. सध्याच्या मॉडेलमध्ये तो शून्य धरला आहे. शून्य धरण्यासाठी आमच्याकडे कोणताही आधार नाही."