रस्ता न देता विचारलेली संमती

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात, भीमगड अभयारण्याच्या आतल्या एका गावात माझं माहेर. अभयारण्य जाहीर झालं 2011 साली. गावं, देवराया, गवळ्यांच्या म्हशी त्याच्या कितीतरी आधीच्या. पावसाळ्यात नाला भरला की आजारी माणसाला अजून खांद्यावरून आणावं लागतं. रस्ता मागितला की सरकारी लोक जंगलाचा नियम पुढं करतात, आणि मग तेच विचारतात, एवढे हाल सोसण्यापेक्षा बाहेर का येत नाही? याच अभयारण्यातल्या तळेवाडीच्या कुटुंबांनी भरपाई घेऊन गाव सोडायचं मान्य केलं. त्यांना मी अजिबात नावं ठेवणार नाही. बाळंतिणीची काळजी काय असते ते मी पाहिलंय.

आफ्रिकेत टांझानियातल्या मसाई या गुराखी जमातीबद्दल वाचताना म्हणूनच जीव तुटतो. 1959 साली त्यांनी सेरेंगेटीचं राष्ट्रीय उद्यान सोडलं, ते शेजारच्या न्गोरोंगोरोच्या संरक्षित रानात राहायला आणि गुरं चारायला मिळेल या शब्दावर. 1975 मध्ये तिथं शेती बंद केली. 2022 पासून त्यांना शेकडो किलोमीटर लांब, हांडेनी जिल्ह्यातल्या म्सोमेरात हलवणं सुरू आहे. सरकार म्हणतं, लोक राजीखुशीनं जातायत. पण त्याच वर्षी न्गोरोंगोरोच्या शाळा-दवाखान्यांचा पैसा हांडेनीकडं वळवला! दवाखाना काढून घ्यायचा आणि मग जातोस का विचारायचं, याला राजीखुशी कसं म्हणायचं? शेजारच्या लोलिओंदोत तर 1500 चौरस किलोमीटर चराऊ रानात हद्दीचे खांब रोवले, अडवणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या.

ऑगस्ट 2024 मध्ये न्गोरोंगोरोतल्या गावांची नोंदच रद्द झाली, तेव्हा हजारो मसाई सेरेंगेटीच्या रस्त्यावर उतरले. पर्यटकांच्या गाड्या अडकल्या, आणि कोर्टानं त्या आदेशाला स्थगिती दिली.

मला जंगल हवंच आहे. म्हादई नदी आमच्या भीमगडातच उगवते, तिथल्या बारापेडेच्या गुहेत रॉटनचं दुर्मीळ वटवाघूळ आहे. केनियात मसाई मारा या राखीव रानाशेजारी मसाई लोक आपली जमीन पर्यटनाला भाड्यानं देतात, जमीन त्यांच्याच नावावर राहते आणि सिंहही राहतात. तिथंही तक्रारी आहेत, पण निदान भाडेपट्ट्यावर सही जमीनमालकाची असते.

आपल्याकडं 2006 चा वनहक्क कायदा आहे. अभयारण्यातून हलवण्याआधी हक्क ठरवायचे आणि ग्रामसभेची संमती घ्यायची, असं त्यात स्पष्ट आहे. अनुसूचित जमातीत नसलेल्यांना 13 डिसेंबर 2005 च्या आधीची तीन पिढ्यांची, म्हणजे 75 वर्षांची वस्ती दाखवावी लागते. वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही पुरावा म्हणून चालतो. खानापूर-बेळगावात नोकरीला असलेल्या आमच्या पोरांनो, या सुट्टीत गावी जाऊन आजी-आजोबांचे जबाब लिहून घ्या, जुन्या पट्टीच्या पावत्या शोधा.