आईचा पीएफ आणि माझं इनव्हॉइस

मागच्या आठवड्यात व्हेंडरचा, म्हणजे ज्या मधल्या कंपनीमार्फत मी क्लायंटचं काम करते तिचा, मेल आला की पुढच्या महिन्यापासून आठवड्यातले तीन दिवस क्लायंटच्या पुण्यातल्या ऑफिसला यायचं, हजेरी कार्ड स्वाईपवर धरणार, आणि तीन दिवस भरले नाहीत तर त्या आठवड्याचं बिल पास होणार नाही. मेल वाचला तेव्हा मी आईशेजारीच बसले होते, ती सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती. मी मोठ्याने वाचून दाखवला. ती म्हणाली, "मग तुला पगारी करणार का आता?" मी म्हटलं नाही गं, कॉन्ट्रॅक्टच राहणार. "मग हजेरी कशाची घेतात?" एवढं बोलून तिने पुढचं पान उचललं.

तो प्रश्न डोक्यातून जाईना म्हणून लिहायला बसलेय.

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करते, चार वर्षं झाली, सगळं कॉन्ट्रॅक्टवर. अकरा महिन्यांचं अॅग्रीमेंट, मग रिन्यूअल. महिन्याच्या शेवटी मी इनव्हॉइस पाठवते, त्यातून १० टक्के टीडीएस कापून बाकीचे पैसे येतात, रिटर्न भरताना ४४एडीए खाली, म्हणजे स्वतंत्र व्यावसायिक म्हणून दाखवते. पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, मेडिकल माझं मी काढलंय, आजारी पडले तर तो दिवस बिलातून वजा. लॅपटॉप माझा, इन्व्हर्टर माझा, नेटची दोन कनेक्शनं माझी, कारण एक गेलं तर दुसरं लागतंच. याबद्दल माझी काही तक्रार नाही हां, हे सगळं कबूल करूनच मी सही केलीय. त्या बदल्यात एकच गोष्ट मिळत होती ती म्हणजे काम कुठं बसून करायचं ते मी ठरवणार, आणि मला ते सोलापुरात बसून करायचं होतं.

आता पुण्याचा हिशोब सांगते. हुतात्मा एक्सप्रेस सकाळी साडेसहाच्या सुमारास सोलापूर सोडते आणि साडेदहापर्यंत पुणे स्टेशनला टेकते, तिथून आयटी पार्कात पोचायला दीड तास, म्हणजे डेस्कवर बसेपर्यंत बारा. संध्याकाळी सहाला परतीची हुतात्मा असते, ती धरायची तर साडेचारला निघायला पाहिजे. म्हणजे रोज येऊन-जाऊन जमणारं नाहीच, तिथं पीजी घ्यायला लागणार, डिपॉझिट द्यायला लागणार आणि महिन्यात बारा दिवस वापरायच्या कॉटचं भाडं पूर्ण महिन्याचं. रेट तेवढाच. आणि इकडं आई एकटी. ज्यांनी सोलापूर बघितलंय त्यांना सांगायला नको की आमच्याकडं नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांनी एकदा येतं, कधी रात्री अकराला येतं तर कधी पहाटे, आणि त्या तासाभरात टाकी, पिंपं, हंडे सगळं भरून घ्यायचं असतं. साठीच्या बाईने ते एकटीने करायचं का? शेजारच्या अक्का करतीलही मदत, पण त्यांच्या घरी पण तेच पाणी त्याच वेळी आलेलं असतं.

आईच्या कामाबद्दल थोडं सांगायला पाहिजे, कारण बाहेरच्यांना माहीत नसतं. सोलापूर म्हटलं की लोकांना चादर आठवते, पण इथल्या हजारो बायकांचं घर विडीवर चाललंय, पूर्व भागात तर गल्लीच्या गल्ल्या. कारखान्यातून पान, तंबाखू, दोरा घरी आणायचा, आदल्या रात्री पान भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचं, सकाळी पत्र्याच्या मापाने कात्रीने कापायचं आणि मग वळत बसायचं. आईच्या उजव्या अंगठ्याचं नख मी लहानपणापासून तसंच बघतेय, कडेने झिजलेलं, कारण विडीचं तोंड ती त्यानेच मुडपते. वळून झालं की माल कारखान्यात जमा करायचा, तिथं चेकर बघणार, पसंत नाही पडली ती विडी छाट, छाटीचे पैसे नाहीत. मजुरी दर हजार विड्यांमागे. तंबाखूच्या धुळीने तिला खोकला आहे, पाठ गेलीय, त्यामुळं घरबसल्या काम म्हणजे सुख असं मी कधीच म्हणणार नाही. पण तिच्याकडं नोंदीचं पुस्तक आहे, ओळखपत्र आहे, आणि पीएफचा नंबर आहे. घरात मांडी घालून काम करणारी माझी आई कायद्याने कामगार आहे, आणि दिवसातून दोन वेळा क्लायंटच्या मीटिंगला हजेरी लावणारी मी नाही!

हे आपोआप झालेलं नाही. लेबर लॉ शिकणाऱ्या एका मैत्रिणीने मला एक जुना खटला दाखवला, महाराष्ट्रातल्याच एका विडी कारखान्याचा, साठच्या दशकाच्या सुरुवातीला सुप्रीम कोर्टात गेलेला. विड्या वळणारा एक माणूस, कारखान्यातच बसून वळायचा, आणि भांडण होतं भरपगारी रजेच्या पैशाचं. कोर्टाने बहुमताने म्हटलं की हा माणूस पाहिजे तेव्हा येतो, पाहिजे तेव्हा जातो, त्याच्यावर वेळेचं बंधन नाही, त्यामुळं फॅक्टरी अॅक्टच्या अर्थाने तो कामगार नाही, सबब रजेचा हक्क नाही. एका न्यायमूर्तींचं मत वेगळं पडलं होतं. पुढं १९६६ साली विडी-सिगार कामगारांचा वेगळा कायदा आला आणि त्यात घरी बसून विड्या वळणाऱ्यांना पण कामगार धरलं. त्यानंतर पीएफही लागू झाला. त्यासाठी किती मोर्चे निघाले ते सोलापुरात कुठल्याही म्हाताऱ्या विडी कामगार बाईला विचारा.

तर तो खटला वाचून मी बराच वेळ गप्प बसले. त्या माणसाला रजा नाकारली कशावर, तर तुझ्यावर हजेरीचं बंधन नाही यावर. मग ज्या दिवशी तुम्ही माझ्यावर स्वाईपचं बंधन घालता, तीन दिवस नाही भरले तर बिल अडवता, रजेसाठी चार दिवस आधी अॅप्रूव्हल घे म्हणता, त्या दिवशी मी कॉन्ट्रॅक्टर कशी राहिले? काम कुठं करायचं, किती वाजता करायचं, कोणाच्या खुर्चीत बसून करायचं हे सगळं तुम्ही ठरवणार असाल तर माझा पीएफ भरा, रजा द्या, विमा काढा, मी आनंदाने पुण्याला येते, खरंच येते. आणि बिलावरच ठेवायचं असेल तर कामाचा दर्जा तपासा, डेडलाईन तपासा, चुकलं तर पैसे कापा, आईची विडी छाटतात तसं माझं काम छाटा, पण जागा माझी मला राहू द्या.

कंपन्यांच्या बाजूनेही मी विचार केलाय. टीसीएसने ऑक्टोबर २०२३ पासून पाच दिवस ऑफिस केलं, अॅमेझॉनने जानेवारी २०२५ पासून, ते त्यांच्या कर्मचाऱ्यांसाठी आणि कर्मचाऱ्यांना पगार, रजा, पीएफ सगळं मिळतं, तो वेगळा व्यवहार आहे. नवीन पोरं ऑफिसात बसून लवकर शिकतात हे पण खरं, मी स्वतः सुरुवातीला ऑफिसातच शिकले, शेजारच्या सिनिअरची स्क्रीन बघून जे कळलं ते कुठल्या कोर्सात नव्हतं. आमच्याच प्रोजेक्टवर एक जण एकाच वेळी दोन क्लायंटचं पूर्णवेळ काम करताना सापडला होता, त्याचा बग रिपोर्ट, म्हणजे सापडलेल्या चुकांची यादी, तीन-तीन दिवस यायचा नाही आणि भरपाई आम्ही करायचो. त्याच्यामुळं क्लायंटचा विश्वास उडाला असेल तर मी समजू शकते. पण त्याचा उपाय सगळ्यांना खुर्चीत आणून बसवणं हा कसा काय? त्याचं काम येत नव्हतं हे तीन दिवसात दिसत होतं, कोणी बघितलं नाही एवढंच.

मी व्हेंडरला उत्तर लिहिलं. मराठीत लिहिलं आधी, मग इंग्रजीत नीट करून पाठवलं. दोन पर्याय दिले, एकतर कॉन्ट्रॅक्ट टू हायर करून पगारावर घ्या, मग तीन दिवस काय पाच दिवस येते, नाहीतर महिन्यातून एकदा सलग चार दिवस येते, रिलीजच्या म्हणजे सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन बाहेर काढायच्या आठवड्यात, आणि प्रवास-राहण्याचा खर्च इनव्हॉइसमध्ये लावते. सोबत मागच्या वर्षभरातल्या माझ्या सगळ्या रिलीजचा तक्ता जोडला, तारखेसकट.

माझ्यासोबत लातूरची एक जण होती, तिने उत्तराची वाट न बघता सोडलं, तिचं बाळ आठ महिन्यांचं आहे. आणि बार्शीचा एक जण पीजी बघून आलाय, तो म्हणाला घरचा हप्ता थांबत नाही ताई. दोघांनाही मी काही बोलू शकले नाही.

काल व्हेंडरचा फोन आला. दुसरा पर्याय क्लायंटने तीन महिन्यांपुरता मान्य केलाय, खर्च मात्र निम्माच देणार. पगारावर घेण्याबद्दल एक शब्द नाही. मी हो म्हटलंय, पण हे सगळं मेलवर लेखी द्या म्हणून सांगितलंय आणि तो मेल अजून आलेला नाही. पुढच्या सोमवारची हुतात्मा बुक केलीय. पाणी त्या आठवड्यात कधी येईल ते बघून अक्कांना सांगून ठेवायचंय.